परतीचा दोर कापायचा की ठेवायचा?

पावसाळा ओसरला की हॉस्टेलवर हा वाद ठरलेला: यंदा रॅपलिंगला, म्हणजे दोराने कडा उतरायला जायचं, की क्लाइंबिंग वॉलवर, म्हणजे चढण्यासाठी बांधलेल्या भिंतीवर? दोन्हीकडे हेल्मेट, कमरेला बांधायचा हार्नेस आणि दोर, त्यामुळे दोन्ही एकच वाटतं. उंचीची भीती नसलेल्यांनी खुशाल चिठ्ठ्या टाकाव्यात. पण टोळक्यात एखादा गॅलरीच्या कठड्यापासून दोन हात लांब उभा राहणारा असेल, तर जरा थांबा. मी त्यातलाच, म्हणून सांगतो.

रॅपलिंगमधली सगळी भीती एका पावलात असते. दरीकडे पाठ करायची, दोरावर भार टाकून मागे रेलायचं आणि कडा सोडायची. शरीर नेमकं उलट सांगतं: पुढे वाक, खडकाला बिलग. नवशिके तेच करतात, मग बूट सटकतात आणि गुडघे सोलवटतात. पाय फाकवून, हवेत खुर्ची असल्यासारखं बसलं की तळवे खडकावर सपाट टेकतात. पाच-सहा पावलांत धीर येतो, पुढे वजनच तुम्हाला खाली नेतं. मात्र एकदा कडा सुटली की स्वतःच्या बळावर वर परतणं नवशिक्याला जमत नाही. तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरले, तेव्हा सूर्याजीने दोर कापल्याचं सांगून त्यांना पुन्हा लढाईत लोटलं, ही १६७० सालची सिंहगडाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. रॅपलिंगचा हिशेब तोच.

काहींना ही मात्रा लागू पडते. माझा रूममेट लोणावळ्याजवळ नागफणीला उतरला आणि आठवडाभर हवेतच होता. मी डोळे मिटून उतरलो. खाली टाळ्या पडल्या, फोटो निघाले. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कड्यावर पाय तितकेच लटपटले. डोळे मिटून उतरलेल्याने बघितलेलं काहीच नसतं, हे फार उशिरा लक्षात आलं.

भिंतीवर भीती हप्त्याहप्त्याने येते. पुण्यात शिवाजीनगरला आणि जवळच पिंपळे सौदागरला अशा भिंती आहेत, म्हणजे कॉलेज सुटल्यावरही जाता येतं. दोर वरच्या अँकरमधून, म्हणजे पक्क्या आधारातून फिरून खाली बिले देणाऱ्याच्या, म्हणजे दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणाऱ्याच्या हातात येतो. हात सुटला तर थोडंसं खाली येऊन लोंबकळायचं, बस. पहिल्या दिवशी मी दहा फुटांवर अडकलो आणि उतरलो, कुणाचं काही बिघडलं नाही. दुसऱ्या खेपेला प्रशिक्षकांनी तेवढ्याच उंचीवरून मुद्दाम हात सोडायला लावले. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. चौथ्यांदा मला चक्क हसू आलं. पडणं ओळखीचं झाल्यावर उंचीचा अर्धा धाक जातो, निदान माझा गेला.

सोबत वर्गमित्र असण्याला खरा अर्थ आहे तोही इथेच. रॅपलिंगमध्ये मित्र वर रांगेत असतात किंवा खाली ओरडत असतात. तुमचा दोर सांभाळतो प्रशिक्षक. भिंतीवर, शिकून झाल्यावर, तुमचा दोर धरतो तो कालपर्यंत तुमच्या नोट्स ढापणारा. त्याचा ब्रेकचा हात, म्हणजे दोर अडवून धरणारा हात, दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये. सुरुवातीला त्याच्यामागे दोराचं शेपूट धरून प्रशिक्षक उभा असलाच पाहिजे. खरं सांगू? सगळ्यांत जास्त घाम मला चढताना फुटला नाही, दुसऱ्याचा दोर धरताना फुटला.

कामशेतचं टँडम पॅराग्लायडिंग सुरेख आहे, पण उडवतो मागे बसलेला पायलट. आपण चार पावलं पळायचं आणि पाय उचलायचे. आनंदासाठी जा, भीतीच्या औषधासाठी नको. कोलाडचं राफ्टिंग वेगळं: कुंडलिका नदीत भिरा वीजप्रकल्पातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर ते चालतं, म्हणून सकाळी लवकर पोहोचावं लागतं. सगळे एकाच बोटीत वल्हवतात, भिजतात, ओरडतात, त्यामुळे भीतीही वाटून घेतली जाते. पाण्याला घाबरणाऱ्यासाठी उत्तम. उंचीशी त्याचा काही संबंध नाही.

माझं मत मागाल तर सहा रविवार भिंत, मग डिसेंबरात रॅपलिंग. वेळ एकाच शनिवार-रविवारचा असेल आणि कुणाला फारशी भीती नसेल, तर थेट रॅपलिंग. पावसाळ्यात धबधब्यातलं रॅपलिंग घाबरणाऱ्याला अजिबात नको: पाण्याच्या आवाजात प्रशिक्षकाची हाक ऐकू येत नाही आणि खडक निसरडा असतो.

कुठेही गेलात तरी दोन गोष्टी आधी विचारा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे आयोजकाची नोंदणी आहे का? आणि उतरणाऱ्याला मुख्य दोराशिवाय वेगळ्या अँकरवरचा सुरक्षा दोर मिळणार का? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर पैसे भरू नका.

घाबरणाऱ्याला रांगेत शेवटी ठेवू नका, दुसरा किंवा तिसरा पाठवा. तासभर वाट बघत बसलं की कडा दुप्पट उंच होते. त्याने 'नको' म्हटलं तर मोबाइल खिशात ठेवा आणि चहा पाजा. आणि कड्यावर जाताना डिओ फवारून येऊ नका. आपल्या सह्याद्रीत कड्याकपारीला आग्या मोहोळं असतात. डिओच्या वासाने ती उठली, तर दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.