मोनोपाइल की सक्शन बकेट?

पुण्यात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या भाचीला प्रोजेक्टसाठी समुद्रातल्या पवनचक्कीचा पाया निवडायचाय: मोनोपाइल (तळात रोवलेला एकच जाड खांब), की सक्शन बकेटवरचं जॅकेट (तळात रुतवलेल्या उलट्या पोलादी बादल्यांवर उभा जाळीदार सांगाडा)?

खर्चात मोनोपाइल सरस. एकच पोलादी नळकांडं. जॅकेटला वेल्डिंगचे सांधे फार.

खरा प्रश्न आवाजाचा. मोनोपाइल सहसा हातोड्याने ठोकतात, त्याने डॉल्फिनसारख्या प्राण्यांच्या कानांना इजा होऊ शकते. जर्मनीत ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा आहे. म्हणून भोवती बुडबुड्यांचा पडदा लागतो, आणि त्याआधी सागरी सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण. बकेट आतलं पाणी उपसून तळात रुतवतात, ठोकाठोक नाहीच. मात्र तळाची तपासणी चोख हवी. मोठे दगड लागले की काम अडलंच.

उथळ पाणी, बजेट कमी: मोनोपाइल. पाणी खोल, तळ वाळूचा किंवा चिकणमातीचा, डॉल्फिनचा वावर: माझ्या मते बकेटच.