नवा पीसी सुरू होत नाही: घरी उघडायचा की दुकानात न्यायचा?

सुटे भाग मागवून घरी जोडलेला पीसी पहिल्या बटणाला सुरू झाला नाही, की पोटात गोळा येतो. गुहागर, देवगडकडच्या माणसाला लगेच पुढचा प्रश्न पडतो: घरीच खटपट करायची, की कॅबिनेट गाडीत घालून रत्नागिरी किंवा कोल्हापूर गाठायचं? मशीन नेमकं काय करतंय, ते बघून हे ठरवावं.

पंखे फिरतायत, दिवे लागलेत, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'? मग घरीच बघा. बहुतेकदा भाग बिघडलेला नसतो, जोडणीत काहीतरी राहिलेलं असतं. गेल्या पावसाळ्यात भाच्याचा पीसी असाच अडला होता. मदरबोर्डवर 'डीरॅम' लिहिलेला, म्हणजे रॅमची तक्रार सांगणारा, बारीक दिवा पेटून राहिलेला. वरून रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, व्यवस्थित बसलेली दिसत होती. टॉर्च धरून कडेने पाहिलं तर एका टोकाला सोनेरी पट्टीची केसाएवढी रेघ बाहेर राहिली होती. वायर काढली, रॅम उपसली, परत खाचेत ठेवून दोन्ही टोकांवर अंगठे रोवले आणि 'खट्' आवाज येईपर्यंत दाबली. चित्र आलं. बोर्ड मोडेल या भीतीने पोरगं हलक्या हाताने दाबत होतं. नव्या खाचेला चांगलाच जोर लागतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावणं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात चित्राची सोयच नसते, तिथून काही दिसणार नाही. सीपीयूची, म्हणजे प्रोसेसरला वीज देणारी, ८ पिनांची वायर विसरली तरी पंखे फिरतात, म्हणून माणूस फसतो. चार खाचांच्या बोर्डावर दोन रॅम असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या. आणि डीडीआर५ या नव्या प्रकारची रॅम असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका, चहा ठेवा.

घरच्या खटपटीला मर्यादा एकच, पण मोठी: बदलून बघायला दुसरा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), दुसरी रॅम नसते. दुकानाची खरी ताकद तीच. म्हणून मशीन अगदीच निपचित पडलं असेल, पंखासुद्धा हलत नसेल, तर मी दुकानाकडे झुकेन. त्याआधी एसएमपीएसमागचा स्विच बघा. मग पॉवर बटणाची वायर मदरबोर्डवरून काढून ती बसत होती त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. सुरू झालं तर दोष बटणात किंवा वायर चुकीच्या पिनांवर बसण्यात. नाहीच झालं तर पहिल्या फेरीत नुसता एसएमपीएस तपासायला न्या. अख्खं कॅबिनेट आंबा घाटातून न्यायचंच झालं तर ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं बांधा. वळणावळणाच्या रस्त्यावर त्याचा सगळा भार खाचेवर येतो. जळका वास आला किंवा एमसीबी पडला तर मात्र बटणाला पुन्हा हात लावू नका.

दुकान निवडताना एक खूण: चित्रच येत नसताना कोणी 'विंडोज परत टाकू' म्हणाला तर तिथून उठा. विंडोज नसली तरी बायोसचा, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगचा, पडदा दिसायलाच हवा.

दोन्ही वाटांच्या आधी घरची अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग आणखी कमजोर होते, आणि दुकानात नीट चाललेला पीसी घरी परत रुसतो.

भाग बदलून मिळण्याची मुदतही बिलावर आजच बघा. ती चार दिवसांत संपत असेल तर खटपट एका संध्याकाळीच आटपा आणि ज्या भागावर संशय आहे तो परत पाठवा.