फ्लेक्स फ्युएलच्या नावाखाली टर्बो गाडीवाल्यांना घातला जाणारा गंडा

पुण्या-मुंबईच्या ट्यूनिंग बाजारात 'फ्लेक्स फ्युएल स्टेज २' नावाचं पॅकेज विकलं जातं, म्हणजे पेट्रोल-इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर गाडी चालावी यासाठीचा बदल. त्यातली एक गाडी खोलल्यावर जे दिसलं ते सविस्तर लिहितोय, कारण फसवणुकीचे बहुतेक प्रकार त्या एकाच गाडीत सापडले. गाडी दोन लिटरची, डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो सेदान. मालकाने पैसे मोजले ते इथेनॉल सेन्सर, मोठा इन-टँक पंप, ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) नवी फाइल आणि 'ई१००' (ई-पुढचा आकडा म्हणजे इथेनॉलचे टक्के) म्हणून दिलेल्या कॅनचे. "कुठलंही मिश्रण भरा, गाडी आपोआप ओळखेल," असं त्याला छातीठोक सांगितलं होतं. थोड्याच दिवसांत एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं. पिस्टनची रिंग लँड (रिंगांच्या खाचांमधली कड) तुटली होती.

सेन्सर खरा होता आणि कमी दाबाच्या फ्युएल लाइनवर, म्हणजे योग्य जागी बसवलेला होता. त्याला तीन वायरी असतात: १२ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. सिग्नलची वायर हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) वीतभर आत जाऊन संपत होती. टोक कापलेलं, वर नीट काळी टेप गुंडाळलेली. ईसीयूपर्यंत काहीच पोहोचत नव्हतं. बॉनेट उघडून पाहणाऱ्याला मात्र सगळं चकाचक दिसणार.

हे पकडायला फार खटाटोप लागत नाही. हा सेन्सर ५० हर्ट्झला शून्य टक्के आणि १५० हर्ट्झला शंभर टक्के इथेनॉल दाखवतो, मधलं गणित सरळ. ई२० भरलं असेल तर सुमारे ७० हर्ट्झ, ई३० असेल तर ८०. इंजिन चालू ठेवून हर्ट्झ मोजणारा मल्टिमीटर सिग्नल वायरवर लावा. सिग्नलला लागणारे ५ व्होल्ट ईसीयूकडूनच येतात. त्यामुळे वायर तुटकी असेल तर मीटरवर काहीच येत नाही. काही जण ठरावीक फ्रिक्वेन्सी देणारं छोटं सर्किट जोडून ठेवतात. म्हणून टाकी जवळजवळ रिकामी करून पंपावरचं साधं ई२० भरा आणि थोडं फिरून आल्यावर आकडा पुन्हा बघा. आकडा हललाच नाही, तर तुम्हाला सेन्सर नाही, शोभेची वस्तू विकली आहे. हाच आकडा ईसीयूच्या लाइव्ह डेटामध्येही दिसायलाच हवा.

वायर कापलेली असेल तर फाइल एकाच मिश्रणासाठी लिहिलेली असते. या गाडीतली फाइल ई४०च्या आसपास धरून होती, टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) तसंच पुढे ओढलेलं. अशा गाडीत नुसतं ई२० पडलं की हवा-इंधनाचं प्रमाण लॅम्ब्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) सावरून घेतो, पण टायमिंग सावरायला नॉक सेन्सरशिवाय कुणी नाही. आणि तो नॉक, म्हणजे इंधन अवेळी भडकून बसणारा ठोका, झाल्यावरच जागा होतो. लॉगमध्ये (गाडी चालताना टिपलेल्या ईसीयूच्या आकड्यांत) एखाद्या सिलिंडरचं टायमिंग फुल थ्रॉटलला वारंवार ४ अंशांहून जास्त मागे खेचलं जात असेल, तर पाय काढा आणि गाडी तशीच थांबवा.

उलट बाजूचा, म्हणजे इथेनॉल जास्त असतानाचा, धोका इंधन कमी पडण्याचा. पूर्ण ज्वलनाला ई२०ला १३.५ पट हवा लागते, ई३०ला १२.९ आणि ई८५ला ९.८. म्हणजे ई२०वरून ई८५वर जायचं तर वजनाने जवळपास ३८ टक्के जास्त इंधन ढकलावं लागतं. मूळ हाय-प्रेशर पंपाला ते झेपत नाही. ईसीयू २०० बार दाब मागतोय आणि रेलमध्ये (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीत) १४० आहेत असं दिसलं, तर 'ई८५ रेडी' हे शब्द खोटे. पोर्ट इंजेक्शनच्या (इंधन सिलिंडरबाहेर फवारणाऱ्या) गाड्यांत इंजेक्टरच्या आकड्यांत चलाखी होते. ३ बारला ५५० सीसी देणारा इंजेक्टर ४ बारला ६३५ देतो, आणि तोच आकडा छापून मोठा इंजेक्टर म्हणून गळ्यात मारतात. सीसी विचाराल तेव्हा कितव्या दाबाला, हेही विचारा.

आता कॅन. शुद्ध इथेनॉलची घनता २० अंशांना ०.७८९ असते. त्यात पाच टक्के पाणी असेल तर ती ०.८१ होते. हायड्रोमीटरवर (घनता मोजणाऱ्या नळीवर) पाणी लगेच पकडता येतं. पाणी जास्त असेल तर इथेनॉल पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. मेथॅनॉल मात्र हायड्रोमीटरला सापडत नाही, कारण त्याची घनता जवळपास तेवढीच. त्याची खूण अशी की हिशेबाने ३० टक्के यायला हवेत तिथे सेन्सर बराच जास्त आकडा दाखवतो. मेथॅनॉल ॲल्युमिनियम खातं आणि माणसाला विषारी आहे. बिनलेबलच्या कॅनला हातच लावू नका. शिवाय विनापरवाना स्पिरिट बाळगल्याबद्दल महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली विकणाऱ्यासोबत तुम्हीही अडकाल. तेल कंपन्यांनी २०२४ पासून निवडक पंपांवर ई१०० आणलंय, ते बिलासह घ्या.

मिश्रणाचा तक्ताही जुना दिला होता, पंपावर ई१० मिळत असतानाचा. त्यानुसार ४० लिटर ई३०ला ८.९ लिटर इथेनॉल लागतं. आज पंपावर ई२० आहे, त्यात ५ लिटर पुरतं. पंपावरच्या ई१००मध्ये इथेनॉल ९३ टक्क्यांच्या आसपास असतं, ते वापरलं तर साडेपाच. जुन्या तक्त्याने भरणारा नकळत ३६-३८ टक्क्यांवर जातो. पंपावरच्या पेट्रोलची खात्री करायची तर १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घालून हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. ई२० असेल तर खालचा थर २८ मिलीजवळ येतो.

डायनोच्या (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदाला भुलू नका. आधीची आणि नंतरची रन एकाच करेक्शनची (हवामानानुसार आकड्यात केलेल्या दुरुस्तीची) आहे का, आणि त्याच कागदावर बूस्ट (टर्बोचा दाब) आणि लॅम्ब्डाची रेघ आहे का, एवढं बघा.

फसवणूक लक्षात आली तर दुसऱ्या ट्यूनरकडे नवी फाइल टाकून घेण्याची घाई करू नका. आधी ईसीयू गाडीतून काढून बेंचवर वाचून आहे ती फाइल जपून ठेवा, कापलेल्या वायरीचे फोटो काढा, कॅनमधला नमुना सीलबंद करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. ईसीयूवर नवी फाइल चढली की जुनी पुसली जाते, मग आयोगासमोर दाखवायला हातात फक्त पावती उरते.