ओंडक्यांचं गॅरेज, वर माळा: सलग भिंत की खांब आणि भरणी?

ओंडक्यांचं गॅरेज स्वतः बांधायचं आणि त्यावर माळाही काढायचा हे नक्की झालं की खरा निर्णय एकच उरतो. भिंतीच्या पूर्ण लांबीचे ओंडके कोरून एकावर एक बसवायचे, म्हणजे इथे ज्याला फुल स्क्राइब म्हणतात ते. की खांब उभे करून मधल्या गाळ्यांत आखूड ओंडके भरायचे, म्हणजे पीस-सूर-पीस? ब्रिटिश कोलंबियात, प्रिन्स जॉर्जजवळ, मी दोन्ही बांधली आहेत. पहिलं गॅरेज जुन्या जागेवर, स्क्राइबचं. त्यात सहा हिवाळे गाडी ठेवली. आता वापरतो ते खांबांचं. दोन्ही २४ फूट बाय २४, दोन्हींवर माळा, आणि दोन्ही वेळा हात चारच: माझे, आणि शनिवार-रविवारी मेव्हण्याचे.

लोखंडी सळ्या ठोकून ओंडके जखडायची तिसरी एक रीत आहे. ती मी केलेली नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहीत नाही.

स्क्राइबचं आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. दोन टोकांचं, पाणसळ बसवलेलं ते कंपास घेऊन खालच्या ओंडक्याचा प्रत्येक उंचवटा वरच्या ओंडक्यावर उतरवायचा, त्या रेघेपर्यंत चेनसॉने आणि मग छिन्नीने पोटातून पन्हळ कोरायची, कोपऱ्याला खोगिरासारखी खाच घ्यायची, पन्हळीत लोकर भरायची आणि ओंडका उलटा करून खाली सोडायचा. तो बसताना जो दबका आवाज येतो, तो ऐकला की दिवसभराचा थकवा जातो. पोस्टकार्डसुद्धा आत जात नाही अशी फट मला पाचव्या ओंडक्यापासून जमायला लागली. वरचं वजन सांधा आणखी घट्ट करतं, आणि कोपरे एकमेकांत असे अडकतात की भिंतीला वेगळा तिरपा आधार लागत नाही. दिसायला तर या कोपऱ्यांना तोड नाही. नॉर्वेत अशी दुमजली कोठारं शेकडो वर्षं उभी आहेत. ‘लॉफ्ट’ हा शब्दसुद्धा तिकडच्याच जुन्या भाषेतून इंग्रजीत आला. ज्याला कारागिरीसाठीच हे करायचं आहे, त्याला मी अडवणार नाही.

पण वजनाचा विचार आधी करा. फूटभर जाडीचा, २४ फुटांचा ओला ओंडका साडेतीनशे-चारशे किलोंचा भरतो, आणि स्क्राइबमध्ये तो एकदा चढवून भागत नाही. खाचेची खूण करायला वर, कोरायला खाली, पुन्हा वर, कधी पुन्हा खाली. तिपाई, हाताची विंच आणि ओंडका फिरवायचा आकडा एवढ्यावर आम्ही ते केलं. आमचा वेग दिवसाला जेमतेम एक ओंडका होता.

आता ज्याने माझा निर्णय केला ते. लाकूड वाळताना आडवं आकसतं, उभ्या लांबीत जवळपास नाही. आडव्या ओंडक्यांची भिंत त्यामुळे बसते, म्हणजे तिची उंची हळूहळू कमी होते. ओल्या लाकडाला दर फुटामागे पाऊण इंच जागा सोडा, हा इथल्या कारागिरांचा ठोकताळा. नऊ फुटांच्या भिंतीला म्हणजे पावणेसात इंच. गॅरेज तापवलेलं नसतं, त्यामुळे माझी भिंत एवढी बसली नाही. पाच वर्षांत पंजाच्या रुंदीएवढी बसली असेल. खिडक्यांवर आणि दाराच्या चौकटीवर मी जागा सोडली होती, वर झाकणाची फळीही होती. घरासाठी एवढं पुरतं. गॅरेजला पुरत नाही, कारण गॅरेजला वर सरकणारं दार असतं, रुळांवरून वर जाऊन छताखाली आडवं होणारं.

त्या दाराचे उभे रूळ चौकटीला ठोकलेले असतात, आणि चौकट काँक्रीटवर उभी असते. ती बसत नाही. आडवे रूळ माळ्याच्या तुळयांना टांगलेले असतात, आणि तुळया भिंतीवर टेकलेल्या. त्या बसतात. म्हणजे एकाच दाराचा अर्धा रूळ जागच्या जागी आणि अर्धा दर वर्षी थोडा खाली. जिथे रूळ वळतो तिथे चाकं अडकायला लागतात. दर शरद ऋतूत, पहिला बर्फ पडायच्या आत, मी टांगणीचे नटबोल्ट सैल करून आडवे रूळ अर्धा-पाऊण इंच वर उचलत होतो. दाराचं वजन तोलणाऱ्या ताणलेल्या स्प्रिंगचा दांडा तर दारावरच्या ओंडक्यालाच बसवलेला. त्याला हात लावणं जिवावरचं काम, म्हणून त्यासाठी दर वेळी मिस्त्री बोलवावा लागायचा. तिसऱ्या हिवाळ्यात मला उशीर झाला. पहाटे उणे अठ्ठावीसमध्ये दार गुडघ्याएवढं उघडून अडकलं, गाडी आत, आणि मुलीला शाळेत सोडायची वेळ झालेली. त्या सकाळी मी ठरवलं की पुढचं गॅरेज असं नसेल.

माळ्याचंही तेच. मधल्या तुळईखालचा खांब आखूड होत नाही आणि भोवतालच्या भिंती खाली जातात, म्हणून त्या खांबाखाली स्क्रू जॅक बसवून तो वर्षातून दोनदा थोडा उतरवायचा. एक वर्ष राहिलं, तर माळ्याच्या फळ्यांना मधोमध फुगवटा आला. जिना वर घट्ट आणि खाली मोकळा ठेवावा लागतो, आणि तरी पायऱ्या हळूहळू कलतात. यातलं काहीच अवघड नाही. ते संपत नाही, एवढंच.

खांबांच्या पद्धतीत हे दुखणं मुळातच वेगळ्या ठिकाणी आहे. खांब उभे, त्यांच्या डोक्यावर तुळई, तुळईवर माळा आणि छप्पर. उभं लाकूड लांबीत आकसत नाही, म्हणून हा सगळा सांगाडा जिथल्या तिथे राहतो. बसते ती फक्त मधली भरणी, आणि तिच्या डोक्यावर कशाचंच ओझं नसतं. गावाकडे घराची लांबी खणांत सांगतात, दोन खांबांमधला एक खण; तीच ही रीत, फक्त मातीच्या किंवा विटांच्या जागी ओंडके. इथे ती फ्रेंच-कॅनडियन सुतारांकडून जनावरांच्या फरचा व्यापार करणाऱ्यांकडे आली आणि पुढे रेड रिव्हर फ्रेम म्हणूनही ओळखली गेली. दुसऱ्या गॅरेजच्या आधी मी मुद्दाम फोर्ट सेंट जेम्सला गेलो. स्टुअर्ट तलावाकाठी हडसन्स बे या फरच्या व्यापारी कंपनीचं १८८०च्या दशकातलं गोदाम आहे. खांबाला उभी खोबण, ओंडक्याच्या टोकाला तीत जाणारं कुसू, आणि ओंडके वरून एकेक करून सोडलेले. मी त्या सांध्यापाशी बराच वेळ उभा होतो. गोदामाला माझ्या गॅरेजपेक्षा कितीतरी जास्त ओझं पेलायचं होतं.

हाताने बांधणाऱ्याला दुसरी मोठी सोय म्हणजे आखूड लाकूड. माझे खण आठ-आठ फुटांचे. एक ओंडका सव्वाशे किलोंच्या आसपास. दोन कललेले वासे टाकून त्यावरून एकट्याने वर लोटता येतो. मेव्हणा आला नाही म्हणून काम थांबलं असं झालं नाही. वाकडा ओंडकाही वाया जात नाही, त्यातले सरळ तुकडे निघतात.

दोष आहेत, आणि ते आधी माहीत असलेले बरे. भरणी बसते तशी तिच्या आणि वरच्या तुळईच्या मध्ये फट उघडते. तिथे लोकर भरून आतून-बाहेरून फळी लावावी लागते, आणि ही फळी फक्त तुळईला ठोकायची, खालच्या ओंडक्याला नाही. खांबही जाडीत आकसतो, म्हणून खोबणीशेजारी उभी चीर पडते आणि पहिल्या दोन हिवाळ्यांत तिथून वारा येतो. मी दोरी ठासून भागवलं. कोपरे एकमेकांत अडकलेले नसल्यामुळे सांगाडा तिरका होऊ नये म्हणून खांब-तुळईच्या कोनांत तिरपे धीरे द्यावेच लागतात. खांबांसाठी पीळ नसलेलं लाकूड निवडा. साल सोलल्यावर चिरा खोडाभोवती फिरताना दिसल्या तर ते खोड भरणीला वापरा. आणि मान्य करतो, दुरून पाहिलं तर माझं पहिलं गॅरेज जास्त देखणं होतं.

लाकडाने थोडा फरक पडतो. पाईन बीटल किड्याने या भागातला लॉजपोल पाईन उभ्याउभ्या मारला, आणि जे खोड मरून काही वर्षं तसंच उभं राहिलं ते तोडतानाच बरंच वाळलेलं असतं. निळसर डागांना घाबरू नका, त्याने ताकद जात नाही. असं लाकूड मिळालं तर स्क्राइबची भिंतही कमी बसेल. घर, सॉना किंवा एकमजली झोपडी असेल तर मी कदाचित पुन्हा स्क्राइबच करीन. पण वर सरकणारं दार आणि वर माळा असं दोन्ही हवं असेल, आणि हात कमी असतील, तर माझा कल कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल. पायाची खोली आणि बर्फाच्या भाराचा हिशेब मात्र कुठलीही रीत धरलीत तरी आधी स्थानिक परवाना कार्यालयात विचारून घ्या.

खांबांच्या गॅरेजचा हा पाचवा हिवाळा. परवा वरची फळी काढून पाहिलं, भरणीवर तीन बोटं फट आहे. पुन्हा लोकर भरली आणि फळी लावून टाकली. दाराच्या रुळांचे नटबोल्ट बसवल्यापासून सोडलेले नाहीत.