‘विनारिचार्ज जीपीएस’ आणि जयसिंगपूरला पोचलेली गाडी

रस्त्याकडेला छत्री लावून मोटरसायकलला ‘विनारिचार्ज जीपीएस’ बसवून देणारा कुणी दिसला, तर पैसे काढायच्या आधी हे वाचा. आमच्या गल्लीत पाचसात जणांनी तो बसवून घेतला, त्यात मीही होतो.

सांगलीच्या खणभागात जुन्या घरांना पार्किंग हा प्रकारच नाही. गाड्या रात्रभर गल्लीतच, भिंतीला टेकून. पावसाळ्यात शेजारच्यांची स्प्लेंडर पहाटे गेली. हँडल लॉक लावलेलं होतं, पण ते एका हिसक्याचं गिऱ्हाईक. सगळी गल्ली धास्तावली आणि नेमका त्याच आठवड्यात कोपऱ्यावर तो पोरगा टेबल मांडून बसला. योगायोग की कुणी खबर दिली, देव जाणे.

बोलायला गोड. “काका, सिम नाही, रिचार्ज नाही, थेट सॅटेलाइटवरनं चालतंय. एकदाच बाराशे, परत बघायचं नाही.” सीट काढून त्यानं काडेपेटीएवढी काळी डबी टेपनं चिकटवली, तिची लाल वायर बॅटरीकडं नेली आणि डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. मग व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवून माझ्या मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकलं. लोकेशनची परवानगी ‘कायम’ अशी त्यानंच करून दिली. नकाशावर ठिपका बरोबर आमच्या गल्लीत! “विश्वास नसेल तर मारुती चौकापर्यंत चक्कर मारून या,” म्हणाला. मोबाइल खिशात घालून मी गाडीवर जाऊन आलो. ठिपका गेला तसा आला. ते बघून बाकीच्यांनीही पैसे काढले. क्यूआर स्कॅन केल्यावर फ्लेक्सवरचं नाव न येता भलतंच नाव आलं, तर “दाजींचं खातं आहे,” म्हणाला. बिल मागितलं, तर “उद्या आणून देतो.”

पुढं एका कामासाठी एसटीनं कोल्हापूरला निघालो होतो. अंकलीचा पूल मागं पडला आणि सहज अ‍ॅप उघडलं, तर ठिपका कोल्हापूर रस्त्यावर, चांगला पळत होता. पोटात गोळाच आला. जयसिंगपूर आलं तर गाडीही जयसिंगपुरात! घाईघाईनं घरी फोन लावला. बायको बाहेर जाऊन बघून आली. “अहो, गाडी दारातच आहे की. वर मांजर झोपलंय.”

तेव्हा उलगडा झाला. अ‍ॅप गाडीचा ठावठिकाणा दाखवतच नव्हतं. दाखवत होतं ते माझ्या खिशातल्या मोबाइलचा.

परत आल्यावर ओळखीच्या वायरिंगवाल्याकडं डबी खोलली. आत बटणासारखा सेल, एक एलईडी आणि वजन लागावं म्हणून बसवलेला लोखंडी वायसर. लाल वायर बॅटरीला जोडलेलीच नव्हती, नुसती कव्हरखाली खोचलेली. वायरिंगवाला हसत म्हणाला, “एका वायरीवर काय चालतंय व्हय? काळी वायर कुठाय?”

खरा ट्रॅकर उपग्रहाकडून फक्त स्वतःची जागा काढतो. ती आपल्या मोबाइलपर्यंत पोचवायला त्याला सिम आणि डेटा लागतो, म्हणजे आज ना उद्या रिचार्ज आलाच. काही कंपन्या पहिल्या वर्षाचा रिचार्ज किमतीतच धरतात, ते वेगळं. अशा ट्रॅकरला मोबाइलसारखाच पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, असतो. पारख सोपी आहे: आपला मोबाइल घरी ठेवायचा, दुसऱ्या कुणाला गाडी फिरवून आणायला सांगायची आणि ठिपका हलतो का ते बघायचं. दुकानदार याला तयार नसेल तर उठून यावं.

बाराशे रुपये गेले ते गेले, पण मला जास्त राग वेगळ्या गोष्टीचा आहे. चोरी झाल्यावर गल्लीतल्या लोकांनी साखळ्या आणल्या होत्या. डब्या बसल्या आणि त्या साखळ्या डिकीत गेल्या. म्हणजे त्या पोरानं चोराचं काम सोपं करून ठेवलं. आता मी पुढच्या चाकातून साखळी घालून ती खिडकीच्या गजाला अडकवतो आणि डिस्क लॉकही लावतो. नुसत्या डिस्क लॉकवर भिस्त ठेवू नये, दोघं जण गाडी उचलून टेम्पोत टाकतात. डिस्क लॉक लावलं की हँडलला काहीतरी बांधून ठेवा, नाहीतर सकाळच्या घाईत गाडी पुढं घेताना तुम्हीच पडाल.

शेजाऱ्यांच्या विम्याचं सांगायलाच हवं. “पाच वर्षांचा विमा आहे,” असं ते ठामपणे सांगत होते. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, घ्यावा लागतो, पण त्यात चोरीची भरपाई नसते. चोरीसाठीचा भाग सहसा वर्षाचा असतो आणि तो दरवर्षी भरावा लागतो. त्यांचा पहिल्या वर्षानंतर संपला होता. आपली पॉलिसी आजच काढून बघा. दोन्ही किल्ल्याही जपून ठेवा, दाव्याच्या वेळी विमा कंपनी दोन्ही मागते.

ज्यांनी अशी डबी बसवली आहे, त्यांनी ते अ‍ॅप आधी काढून टाका. आपण घरी कधी असतो, बाहेर कधी असतो, हे परक्याला कळू देण्यात काय अर्थ आहे? अ‍ॅप लिंकवरून टाकलेलं असल्यानं मी यूपीआयचा पिनही बदलला. डबी फेकू नका, पुरावा आहे. पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट, ज्या नंबरवरून लिंक आली तो नंबर आणि डबी घेऊन पोलिस ठाण्यात जा. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम 318 आहे. यूपीआयनं पैसे दिले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवरही लगेच नोंदवा. मी दोन्हीकडं तक्रार दिली आहे, गल्लीतल्या आणखी दोघांनीही दिली. त्या पोराचा फोन तेव्हापासून बंद आहे.