कच्च्या रुईचा बूम: गटारीला चांगला, समुद्राला अपुरा

बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारा लांबट अडसर. हा लांबट जाळीच्या पिशवीत कच्ची रुई भरलेला, तेल टिपायचा बूम. गॅरेज, वॉशिंग रॅम्प आणि ऑइल मिलच्या सांडपाण्यासाठी तो उत्तम आहे. "समुद्रातली तेलगळतीही यानेच आवरते," हे विकणाऱ्याचे बोलणे मात्र मनावर घेऊ नका.

आधी आतली रुई तपासा. कच्च्या तंतूवर नैसर्गिक मेण असते, म्हणून तो पाणी झिडकारतो आणि तेल धरतो. ब्लीच केलेल्या दवाखान्याच्या कापसात मेण उरत नाही. तो पाणी पिऊन बुडतो. चिमूटभर रुई बादलीत टाकून दहा मिनिटे ढवळा. तरंगली तर घ्या. पिवळट कवडीला, म्हणजे डागाळलेल्या हलक्या कापसाला, नाक मुरडू नका. सूतगिरणीला नकोसा असलेला अपक्व, बारीक तंतूच तेल जास्त धरतो. टेक्सास टेक विद्यापीठाच्या प्रयोगांत अशा रुईने वजनाच्या 30 पटींहून अधिक कच्चे तेल धरले. (म्हणून अशा रुईसाठी कोणी फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात राखलेले कापसाचे पीक, ठेवू नका, बोंडअळीची सोय होते.)

तो आकडा मोकळ्या रुईचा. ठासलेल्या बूममध्ये तेल कडेलाच अडते. वापरलेला बूम कापला की गाभा पांढरा निघतो. वजनावर दर लावणारा दुकानदार ठासतोच, तेव्हा मुठीत सहज दबेल असा सैल बूम निवडा. डिझेल उचलताना निथळते, खाली ट्रे धरा. दाट फर्नेस ऑइल आत शिरतच नाही, ते खरवडून काढावे लागते.

नाल्यात बूम आडवा नको, तिरपा बांधा आणि दोन्ही टोके काठाला घट्ट भिडवा. बूमवर काटकोनात येणारा प्रवाह सेकंदाला साधारण 35 सेंटिमीटरच्या वर गेला की तेल खालून निसटते. तेल अडवायला या बूमला खाली पाण्यात लोंबणारा पडदाही नसतो. पावसाळ्यातल्या वाहत्या नाल्यात त्याचा उपयोग नाही. तेल रॅम्पवरच अडवा. आपल्या खान्देशात तिथून सुटलेले तेल तापीतून प्रकाशा, उकाई, सुरत करत खंभातच्या आखाताची वाट धरते.

आता समुद्र. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा जहाजाच्या टकरीनंतर सुमारे 800 टन तेल सांडले. 30 पटींचा हिशेब धरला तरी रुईच्या 170 किलोच्या जवळपास 157 गाठी लागतील. गाठी खान्देशातून सहज निघतील, पण तेल प्यायलेली 800 टनांवरची रुई लाटांतून उचलायची कोणी? त्यात खवळलेल्या पाण्यात तेल पाणी धरून तीन-चार पट फुगते. म्हणून तिथे आधी पडद्याचे बूम आणि स्किमर (पाण्यावरचे तेल उपसणारी यंत्रे) उतरवतात. टिपणारा माल शेवटच्या तवंगापुरता. लाटांच्या माऱ्याने रुई हळूहळू पाणी धरते. पिशवी फाटली तर तेलकट गुंते कांदळवनाच्या श्वसनमुळांत अडकतात. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या धाग्याचा बूम तेल पिऊनही तरंगतो, पिळून पुन्हा वापरता येतो. सुटलेला त्याचा धागा मात्र पाण्यात प्लास्टिक म्हणून राहतो.

तेल दिसले की साबण टाकायची सवय सोडा. तवंग मोडतो, तेल पाण्यातच राहते.

वापरलेला बूम 2016 च्या घातक कचरा नियमांत 33.2 या नोंदीखाली येतो. घंटागाडीत टाकू नका, अधिकृत उचल करणाऱ्याला द्या. जवस किंवा सरकीचे तेल प्यायलेली रुई पोत्यात दाबून ठेवली तर आपोआप तापून पेटू शकते. ती झाकणाच्या लोखंडी डब्यात, पाण्यात भिजवून ठेवा.