संपाआधीची गाडी

२०१७ च्या एप्रिलमध्ये मी सोलापुरातल्या एका एजंटाकडून जुनी स्विफ्ट डिझेल घेतली. गाडी दहा मिनिटं बघितली आणि तिची गोष्ट पाऊण तास ऐकली. ३ लाख ८५ हजार मोजले. तसल्या गाडीला तेव्हा आमच्याकडे साडेतीनच्या आतबाहेर भाव चालू होता. वरचे पस्तीस हजार मी त्या गोष्टीचे दिले. एजंटाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या हातात धड कागद नाही. तो का नाही, तेही पुढे येईल.

माझं शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, चौदा मशिनी. वडील कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. पाळी, भोंगा, संप, टाळं हे शब्द आमच्या घरात भाकरी-आमटीइतके रोजचे. एजंटाने बसल्या बसल्या विचारलं, "मालक, धंदा काय आपला?" मी सगळं सांगितलं, वडिलांच्या गिरणीसकट. त्याला तेवढंच पाहिजे होतं.

टेबलावर वर्तमानपत्र होतं. स्विफ्ट जिथे बनायची त्या मारुतीच्या हरियाणातल्या मानेसर कारखान्याच्या खटल्याचा निकाल नुकताच लागला होता. १८ जुलै २०१२ ला तिथे हाणामारी आणि जाळपोळ झाली, त्यात कंपनीचे एक मोठे अधिकारी गेले, आणि त्या खटल्यात मार्च २०१७ मध्ये तेरा कामगारांना जन्मठेप झाली. एजंटाने पेपरावर बोट आपटलं. "मालक, ही गाडी त्या दंगलीच्या आधीची. २०११ ची. परमनंट कामगाराच्या हातची. दंगलीनंतर कंपनीने पाचशेवर माणसं काढली, ठेक्याची पोरं भरली. तवापासून गाडीत दम राहिला नाही. तुमच्याकडं कारागीर शिवतो आणि हेल्पर शिवतो, फरक पडतो का नाही? सांगा की."

पडतो ना. तुकड्याचा भाव खाली आणला की इंचाला दहाचे सात टाके होतात आणि पहिल्या धुण्यात बगलेची शिवण उसवते, हे मी स्वतःच्या हाताने भोगलेलं. त्याने या गाडीचं दार लावून दाखवलं, धप्प. शेजारच्या २०१४ च्या गाडीचं लावलं, टण्‌. "ऐकलं का मालक, पत्र्याचा डबा." मी मान हलवली. त्या शेजारच्या गाडीच्या दाराचं रबरी बीडिंग निम्मं लोंबत होतं, हे मला दिसलंही होतं, पण डोक्यात शिरलं नाही.

मीटरवर ६१,४०० किलोमीटर. क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर कोरे करकरीत. मला वाटलं, आधीच्या मालकाने काय जपलीय! साठ हजार पळालेल्या गाडीचे पेडल रबर बदलावेच का लागतील, एवढा साधा प्रश्न चौदा मशिनी सांभाळणाऱ्या माणसाला पडू नये?

पैसे असे दिले: एक लाखाचा चेक आणि २ लाख ८५ हजार रोख. "सगळं चेकनं नको मालक, टॅक्सचं लफडं होतंय," म्हणाला. पावती साध्या कागदावर, एक लाखाचीच. खाली ओळ होती: गाडी पाहून, पसंत करून, आहे त्या स्थितीत घेतली. खाली माझी सही. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्यावर रोख घ्यायला त्याच १ एप्रिलपासून कायद्याने बंदी आली होती आणि दंड घेणाऱ्याला होता. हे मला वकिलाकडून कळलं. त्याला आधीपासून माहीत असणार, म्हणून तर पावतीत उरलेल्या रकमेचा पत्ता नव्हता.

दोन महिन्यांनी अक्कलकोटहून दर्शन करून येत होतो, मागे बायको आणि आई. वळसंग ओलांडलं आणि गाडीचा पिकअप गेला. मागे धुराचा पडदा. एक टमटमवाला शेजारून ओरडून गेला, "अण्णा, मागं बघा, पेटली की काय!" टो करून गाडी आणली. मेस्त्री म्हणाला टर्बो गेला, इंजेक्टरपण वाजतायत. पहिलं बिल ६३ हजार. मग त्याने न विचारता पुढच्या डाव्या दाराचं बीडिंग ओढून काढलं आणि टॉर्च मारला.

"हे बघा मालक."

उजव्या दाराच्या खांबावर आधी दाखवलं. तिथे पत्र्यावर छोट्या गोल टिकल्या होत्या, सारख्या अंतरावर, बटणं लावल्यासारख्या. तो कंपनीचा स्पॉट वेल्ड. डाव्या बाजूला टिकल्या नव्हत्याच. तिथे ग्राइंडर मारलेला, वर लांबी (पुट्टी) आणि त्यावर रंग. बॉनेटच्या कडेला कंपनीचं सीलंट एका जाडीत येतं. इथे बोटाने फासलेलं, कुठे जाड, कुठे नाहीच. डिकीतली स्टेपनी काढली तर खालचा पत्रा सुरकुतलेला. गाडी पुढून आणि मागून, दोन्हीकडून ठोकलेली होती. ती डावीकडे ओढते म्हणून मी दोनदा अलाइनमेंट करून बसलो होतो.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ओळखीचा एक मुलगा होता. गाडीचा नंबर घालून त्याने जुनी नोंद काढली. मार्च २०१५ ला पुण्यात सर्व्हिसिंग, तेव्हाच मीटर १,४१,००० वर. त्यानंतर तिकडे नोंद नाही. म्हणजे मला विकताना गाडी दोन लाखांच्या आसपास असणार. डिजिटल मीटर मागे फिरत नाही असा माझा समज होता. लॅपटॉप लावून अर्ध्या तासात फिरवतात.

एजंटाकडे गेलो. अंगाचा तिळपापड झालेला. त्याने चहा सांगितला, आरसी बुक मागितलं, उत्पादनाच्या महिन्यावर बोट ठेवलं: ०९/२०११.

"मालक, ही तर ऐन संपातली गाडी. तेव्हा कंपनीनंच सांगितलं होतं, कामगार मुद्दाम माल खराब करालेत म्हणून. त्याला मी काय करू? कामगारांनी वाट लावली."

मी एक मिनिट गप्पच झालो. एप्रिलमध्ये जो कामगार सोन्याच्या हाताचा होता, तोच जूनमध्ये चोर. गाडी तीच, बनल्याचा महिना तोच. खुर्चीसुद्धा तीच होती.

घरी येऊन मी २०११ चे जुने पेपर वाचत बसलो. बायको म्हणाली, "आता वाचून काय टर्बो येणारे का?" तरी वाचलं. जून २०११ मध्ये मानेसरच्या कामगारांनी वेगळ्या युनियनसाठी तेरा दिवस काम बंद ठेवलं. १७ ऑगस्टला नवीन स्विफ्ट बाजारात आली, बुकिंगची रीघ लागली. २९ ऑगस्टला कंपनीने गुणवत्तेत घातपात होतोय असा आरोप करून प्रत्येकाकडून चांगल्या वागणुकीचा बाँड मागितला. सही नाही तर आत प्रवेश नाही. कामगारांनी आरोप नाकारला. महिनाभर गेट अडलं, ऑक्टोबरात पुन्हा संप. म्हणजे एजंटाचं 'कंपनीनंच सांगितलं' खोटं नव्हतं. पण त्या सप्टेंबरात काही स्विफ्ट गुडगावच्या कारखान्यातही बनवायला घेतल्या होत्या, तेव्हा माझी गाडी कुणाच्या हातची हे तो एजंट कुठल्या जोरावर सांगत होता? आणि 'आधी परमनंट, नंतर ठेक्याचे' हे तर उलटंच. ठेक्याची पोरं २०११ ला लाइनवर होतीच, त्यांना कायम करा ही भांडणातली एक मागणी होती. २०१२ नंतर कंपनीने ठेकेदार बाजूला करून तात्पुरते कामगार थेट घ्यायला सुरुवात केली.

देशी गाड्यांचा दर्जा पडला तो संपांमुळे, हेही आमच्याकडे चहाच्या टपरीवर ठामपणे बोललं जातं. मला ते पटत नाही. अँबॅसडरचा साचा मुळात पन्नासच्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डचा. तीच गाडी २०१४ पर्यंत निघत राहिली. मारुती ८०० डिसेंबर १९८३ ला येईपर्यंत गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, दुसरीकडे जायला जागा नव्हती. ज्याला जायला जागा नाही त्याच्यासाठी दार कोण नीट बसवेल? असो, माझ्या टर्बोचा याच्याशी काही संबंध नाही, आणि मुद्दा तोच आहे. टर्बो गेला तो दोन लाख किलोमीटरने, आणि ओढा होता तो ठोकल्यामुळे. कारखान्याने केलेलं काम त्या गाडीत जिथे शिल्लक होतं, तिथे ते सरळ होतं. त्या उजव्या खांबावरच्या टिकल्या मी पाहिल्यात.

पुढचं थोडक्यात. पोलीस म्हणाले दिवाणी बाब आहे. वकील म्हणाले ग्राहक मंचात दोन वर्षांच्या आत जाता येईल, पण पावती लाखाची, सही तुमची, आणि मीटर यानेच फिरवलं हे सिद्ध कसं करणार? चार लोक मध्ये घालून त्याच्याकडून ४० हजार सुटले. गाडीवर माझे एकूण १ लाख १२ हजार दुरुस्तीचे गेले. दीड वर्षाने ती १ लाख ९० हजाराला विकली, घेणाऱ्याला सर्व्हिसची नोंद हातात देऊन.

तुम्ही जुनी गाडी घेणार असाल तर नंबर घेऊन आधी सर्व्हिस सेंटरला जा, मग एजंटाकडे. आपला मेस्त्री न्या, त्याला पाचशे रुपये द्या, दारांची बीडिंग ओढून बघू द्या. सीटबेल्टच्या मुळाशी एक पट्टी असते, तिच्यावर बनवल्याची तारीख असते. चारही पट्ट्यांची वर्षं जुळतात का बघा. बदललेला बेल्ट म्हणजे बहुतेक एअरबॅग फुटण्याइतकी धडक. पैसे बँकेतूनच, आणि पावतीवर मीटरचा आकडा लिहून घ्या. तो लिहायला कचरला तर चहासुद्धा पिऊ नका.

गेल्या वर्षी माझा भाचा गाडी बघायला गेला होता. दुकानाची पाटी बदललीय, माणूस तोच. भाच्याला म्हणाला, "ही २०२० ची आहे, चिपची टंचाई व्हायच्या आधीची. नंतरच्या गाड्यांत कंपनीनं निम्मी इलेक्ट्रॉनिक्स गाळलीय." भाच्याने मला तिथूनच फोन लावला. मी म्हटलं, सर्व्हिसची नोंद माग. त्याने मागितली. एजंट म्हणाला, "आज नेट बंद आहे, मालक."